सत्तरातले पाच किलोमीटर

वडलांचे शेवटच्या काळातले फोटो माझ्याकडे चौदा आहेत आणि एकातही त्यांचा चेहरा नाही. चौदाच्या चौदा फोटो गाडीच्या मीटरचे. त्यांनीच काढलेले, त्यांच्याच फोनवरून मला पाठवलेले, कारण तसा माझा हुकूम होता. फोटो काढायची सवय नसल्यामुळं एकात अर्धा अंगठाच आलाय, एकात पायजम्याचा गुडघा, आणि एकात मीटरच्या काचेवर त्यांची पांढरी टोपी पुसटशी उमटलीय. ती टोपी मी बोटांनी मोठी करून किती वेळा बघितली असेल! मोठी केली की टोपी राहत नाही, नुसता पांढरा डाग राहतो.

हे फोटो का काढायला लावले ते सांगायचं तर टायरपासून सुरुवात करावी लागेल.

आमची वस्ती भवानीनगरजवळ, कालव्याच्या खालच्या अंगाला. वडलांना सगळा गाव तात्या म्हणायचा, म्हणून घरात आम्हीही तात्याच म्हणत आलो. तीस वर्षं त्यांनी कारखान्यावर ड्रायव्हरकी केली. रिटायर झाल्यावर आठवडाभर घरी बसले आणि नवव्या दिवशी पिकअप घेऊन आले. "घरी बसून भिंती किती बघायच्या?" म्हणाले. मग आमचे पेरू, दोडका, कधी शेजाऱ्याची ढोबळी मिरची भरून दर बुधवारी इंदापूरला व्यापाऱ्याकडं जायचं, हा त्यांचा नेम झाला. व्यापारी गुरुवारीही माल घ्यायचा, पण तात्यांना बुधवारच पाहिजे. का, तर "बुधवार चांगला असतो." कशासाठी चांगला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

येताना ते वरकुट्याच्या फाट्याला आत वळायचे. फाट्यापासून अडीच किलोमीटरवर माझ्या आत्याची वस्ती. आत्या म्हणजे तात्यांची थोरली बहीण, ते तिला आक्का म्हणायचे. आजी फार लवकर गेली, तेव्हा तात्यांना कडेवर घेऊन वाढवलं ते हिनंच. आता तिचं डोकं विसरभोळं झालं होतं. सकाळी जेवलेलं दुपारी आठवायचं नाही. तिचा मुलगा आणि सून दिवसभर रानात, त्यामुळं दुपारी दारातल्या लिंबाखाली ती एकटीच बसलेली असायची. तात्या तिच्याजवळ तासभर थांबायचे.

"तासभर काय करता हो तितं?" मी एकदा विचारलं होतं.

"काय न्हाय. बसतो," ते म्हणाले.

तात्या घरात म्हणजे जवळजवळ मुका माणूस. भाकरी वाढली तर खाणार, पाणी दिलं तर पिणार. पण एकदा का स्टिअरिंग हातात आलं की त्यांचं तोंड सुटायचं. पिकअप नवी होती तेव्हा मी चार-सहा वेळा त्यांच्यासोबत इंदापूरला गेलो असेन, आणि आज मला जे जे तात्या आठवतात ते सगळे त्या केबिनमधले आहेत. या विहिरीचं पाणी मचूळ का लागतं, त्या बंगल्यावाल्यानं आधी किती वर्षं पानटपरी चालवली, आक्कानं त्यांना चिडवणाऱ्या पोराला ओढ्यात कसं बुचकळून काढलं. मध्येच ते ॲक्सिलेटरवरचा पाय काढायचे आणि गाडी नुसती वाहू द्यायचे. कुठल्या बाभळीपाशी पाय काढला की गाडी बरोबर पुलापर्यंत आपोआप जाते, हे त्यांना पाठ होतं. "डिझेल टाकीत असतंय, पर ॲव्हरेज पायात असतंय," म्हणायचे. मी खिडकीतून हात बाहेर काढून बसायचो, आणि मला वाटायचं हे काय, कधीही ऐकता येईल. दर बुधवारी ते म्हणायचे, "चल की माझ्यासंगं." माझी आठवड्याची सुटी बुधवारचीच. मी पांघरुणातून म्हणायचो, "पुढच्या बुधवारी."

माझी नोकरी बारामतीच्या एमआयडीसीत. काम तपासणीचं. मशीनवरून आलेला पार्ट गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसला तर पास, नाही बसला तर फेल. तिथं चर्चा नाही, रडारड नाही. पंधरा वर्षं हे काम करून माझाही स्वभाव तसाच झालाय, आणि त्यात मूळचा राग नाकाच्या शेंड्यावर. बायको म्हणते, "तुम्ही माणसंबी गेजात घालून बघता." तेव्हा हसून सोडून दिलं होतं. खरं बोलत होती बाई.

तर टायर. एका पावसाळ्यात कालव्याच्या पाझरानं आमच्या वस्तीची वाट अशी काही चिखलली की पेरूनं भरलेली पिकअप दोनदा रुतली. दुसऱ्या वेळी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणून ओढावी लागली. मी ठरवलं, दसऱ्याला गाडीला मोठे टायर घालायचे. रुंद, उंच, जाड दातऱ्यांचे. आता मनापासून सांगायचं तर चिखल हे निमित्त होतं. तसे टायर घातलेली एक पिकअप मी एमआयडीसीच्या चौकात बघितली होती आणि माझं मन तिच्यावर गेलं होतं. हौसेला मोल नसतं. दसऱ्याला झेंडूचा हार घालून गाडी दारात उभी केली तेव्हा ती चांगली दोन बोटं उंच दिसत होती, आणि मी तिच्याभोवती तीन चकरा मारल्या.

तात्यांनी पायरीवर पाय ठेवला, दाराला धरून वर चढले आणि म्हणाले, "आयला, उंटावर बसल्यागत वाटतंय."

"मंग? रुबाब हाय का न्हाय?"

"रुबाब हाय," ते म्हणाले. "पर गाडीला जे पाय मापाचं दिल्यात त्येच बरं असत्यात."

मी तोंड वाकडं केलेलं त्यांनी पाहिलं असणार. कारण लगेच म्हणाले, "आता चिखलात न्हाय रुतायची, ह्ये मातुर खरं." आणि माझ्याकडं बघून हसले. तेव्हा मला वाटलं, गप्प बसवलं म्हाताऱ्याला.

दोन-तीन फेऱ्या झाल्यावर त्यांनी सांगितलं, गाडी जड झालीय. उठायला वेळ लावती. पुलाच्या चढाला आधी तिसऱ्या गिअरमध्ये निघायची, आता दुसरा मागती. बाभळीपाशी पाय काढला तरी आधीसारखी वाहत नाही, मधेच अडखळती. मी म्हटलं, "तुमाला नवीन काय घातलं की दुखतंच कुठंतरी."

आणि मग पंपावर मला दिसलं. आमची पद्धत जुनी होती, टाकी फुल ते टाकी फुल. बुधवारी निघायच्या आधी भवानीनगरच्या पंपावर टाकी तोंडापर्यंत भरायची, गाडी मागून धरून हलवायची म्हणजे आत अडकलेली हवा निघते, मग पुन्हा भरायची. परत आल्यावर तिथंच तशीच भरायची. जितकं बसलं तितकं जळलं. आधी इंदापूर, येताना आत्याची वस्ती, आणि परत, असे मीटरवर बरोबर सत्तर किलोमीटर पडायचे आणि पाच लिटर बसायचं. म्हणजे चौदाचं ॲव्हरेज. आता साडेपाच लिटर बसायला लागलं. आणि मीटरवर? मीटरवर पासष्ट.

डिझेल जास्त आणि किलोमीटर कमी. ॲव्हरेज बाराच्याही आत.

मी तिथंच हिशोब मांडून मोकळा झालो. फाट्यापासून आत्याची वस्ती अडीच किलोमीटर, जाऊन-येऊन पाच. सत्तरातून पाच गेले पासष्ट. तात्या आत्याकडं जातच नाहीत! रस्त्यावरच्या कुठल्यातरी हॉटेलात जुन्या ड्रायव्हर लोकांबरोबर पत्ते कुटत बसतात, बाहेर गाडी चालू ठेवून, आणि घरी येऊन सांगतात की आक्काकडं गेलो होतो. अर्धा लिटर जास्तीचं डिझेल तिथं जळतंय. इतकं सरळ, इतकं चपखल बसलं ते गणित, की जणू गेजात पार्ट बसावा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मला शाळेपासून पाठ होती. उपयोग शून्य.

लगेच बोललो असतो तरी एक वेळ बरं झालं असतं. पण नाही. मी पुरावा गोळा केला. तात्यांना म्हटलं, ॲव्हरेज बघायचंय, निघताना आणि आल्यावर मीटरचा फोटो पाठवत जा. त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही की का. मी फोन कसा धरायचा, कुठं दाबायचं ते शिकवलं, आणि ते लहान पोरासारखे शिकले. सात बुधवार, चौदा फोटो. सातही वेळा फरक पासष्ट, एकदा चुकून सहासष्ट. संध्याकाळी मी सहज विचारायचो, "आत्या कशी हाय?" ते म्हणायचे, "बरी हाय. आज लई बोलली," किंवा "आज गपगप हुती." मला वाटायचं, काय सराईत खोटं बोलतोय माणूस.

सातव्या बुधवारी मी दारातच गाठलं. पेरूचे रिकामे क्रेट उतरवायला दोन बायका आलेल्या, माझी बायको ओट्यावर, सगळ्यांच्या देखत.

"कुठं गेल्ता?"

"इंदापूरला. मंग आक्काकडं."

"आक्काकडं गेला न्हाय तुमी. सात आठवडं झालं, एकदाबी गेला न्हाय."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मला वाटतं, मी चेष्टा करतोय की काय ते बघत होते. "कोण म्हणतं?"

"मीटर म्हणतंय. मीटर खोटं बोलत न्हाय, तात्या."

"मंग मी बोलतोय व्हय?"

बायको मागून म्हणाली, "अहो, आत चला, आत बोला." पण माझा गिअर पडला होता, आता कुठला मागं येतोय. मी फोन काढला आणि आत्याच्या घरी लावला. संध्याकाळ असल्यामुळं आत्याच्या सुनेनं उचलला. मी म्हटलं, आज दुपारी तात्या आले होते का? ती म्हणाली, "आमी रानात हुतो भाऊजी, आत्ताच आलो. थांबा, त्यास्नीच इचारते." मी फोन स्पीकरवर टाकला. आत्याचा आवाज आला, बारीक, लांबून. "न्हाय बा. कुणी न्हाय आलं. लई दिस झालं, कुणीच येत न्हाय."

मी तात्यांकडं बघितलं, जिंकल्यासारखं. विसरभोळ्या बाईची साक्ष काढली होती मी, आणि ती विसरभोळी आहे हे त्या क्षणी मला सोयीस्करपणे आठवत नव्हतं. लाज वाटते लिहिताना.

तात्या फोनकडं वाकले आणि म्हणाले, "आक्का, जेवलीस का?"

"जेवले," ती म्हणाली. "कोण हाय?"

"मी हाय," ते म्हणाले. मग त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. रिंग जड होती. तिला किल्लीशिवाय एक बारकं नेलकटर अडकवलेलं असायचं. "आता तूच जात जा," एवढं बोलून ते पाय धुवायला गेले. पुन्हा ते ड्रायव्हरच्या सीटवर कधी बसले नाहीत.

मला काय वाटलं? खरं सांगतो, बरं वाटलं. चोर पकडला, असं वाटलं.

मग दर बुधवारी मी जायला लागलो. इंदापूरला जायचं, माल उतरवायचा, आणि सरळ घरी. सुटीचा एकच दिवस, त्यात फाट्यावरून आत कुठं वळत बसा! पहिल्या बुधवारी तात्या म्हणाले होते, "आक्काकडं डोकावून ये." मी म्हटलं, "बघतो." दुसऱ्या बुधवारीही म्हणाले. तिसऱ्या बुधवारी म्हणाले नाहीत. आणि एक गंमत सांगतो, म्हणजे गंमत कसली, माझ्या शहाणपणाचा कळस. मी स्वतः गाडी चालवायला लागल्यापासून मीटरकडं एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर आत्याकडं न जाता पासष्टच्या जागी साठच पडलेले दिसले असते आणि तिथंच डोक्यात उजेड पडला असता. पण स्वतःवर पहारा कोण ठेवतो?

तात्या सोबत येत नव्हते. एकदा मीच म्हटलं, "चला की इंदापूरला." बाजेवरून मान हलवली, नाही म्हणाले. केबिन गेली तसं बोलणंही गेलं. तिन्हीसांजेला मी गाडी दारात लावली की ते उठून यायचे, बोनेटवर हात ठेवायचे, किती तापलंय बघायचे, आणि जाऊन बसायचे.

त्या वर्षात दोन वेळा ते कुठंतरी गेले. दोन्ही वेळा बुधवारीच, मी इंदापूरला असताना. एसटीनं गेले असणार. एकदा मी आधी परतलो होतो, तर ते मागून आले, पायजमा गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेला, लंगडत. विचारलं, "कुठं गेल्ता?" म्हणाले, "पाय मोकळं करायला." आणखी एकदा सकाळी मी निघताना जवळ आले आणि म्हणाले, "किल्ली दे जरा."

"कशाला? गाडी न्यायची हाय का?" मी विचारलं. आवाजात काटा होता, तो मला माझाच ऐकू आला.

"न्हाय," ते म्हणाले. "राहू दे."

गेल्या माघात तात्या गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. आत्याला आणलं होतं. तिनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, मोठ्यानं हंबरडा फोडला, आणि अर्ध्या तासानं सुनेला विचारलं, "हितं एवढी माणसं का जमल्यात?"

उन्हाळ्यात टायरच्या दातऱ्या झिजून सपाट झाल्या. मी गाडी भवानीनगरला टायरवाल्याकडं नेली. हा तात्यांचा कारखान्यापासूनचा ओळखीचा, दसऱ्याला मोठे टायर यानंच बसवले होते. मी म्हटलं, हेच पुन्हा घाल. तो म्हणाला, "तात्या सांगून गेल्यात की. म्हणले हुते, टायर झिजलं आन पोरगं आलं, तर मापाचंच घाल. पर त्येला आत्ता काय सांगू नगो."

"काय सांगू नको?"

त्यानं दुकानाच्या फरशीकडं बोट केलं. फरशीवर पांढऱ्या ऑइलपेंटच्या तीन रेघा होत्या. तो म्हणाला, दीड वर्षं झालं असेल, तात्या आले आणि म्हणाले, माझी गाडी किलोमीटर खाती, काय भानगड हाय बघ. मग दोघांनी मिळून जुना टायर आणि नवा टायर आणला, दोन्हींवर खडूची खूण केली, पहिल्या रेघेपासून एक-एक फेरा फरशीवर लोळवले. जुना टायर दुसऱ्या रेघेपाशी थांबला. नवा वीतभर पुढं, तिसऱ्या रेघेपाशी. "मीटर फेरं मोजतंय, मालक, जमीन मोजत न्हाय," टायरवाला म्हणाला. "मोठं चाक एका फेऱ्यात जादा रान कापतंय, ते मीटरला कळतच न्हाय. शंभरातलं सात किलोमीटर खातंय. तुमी सत्तर जावा, ते पासष्ट दाखवणार. आता चाक जड, गाडी उंच, म्हणून डिझेल थोडं जादा जातंयच. चौदाचं पावणेतेरा झालं आसंल. पर तुमी मीटरवर भागलं, म्हणून बाराच्या खाली आलं. निम्मी घट खरी, निम्मी मीटरची."

सत्तरातले पाच. मी त्या वीतभर जागेकडं बघत राहिलो. कंपनीत दर सहा महिन्यांनी गेज तपासून आल्याशिवाय मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. शिक्का नसेल तर हात लावत नाही. आणि इथं स्वतःच्या हातानं चाकं बदलली, मीटर तेच ठेवलं, आणि बापाला फेल केलं.

"तात्या कधी आलते?" मी विचारलं.

"त्येंनी गाडी सोडली ना, त्येच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. चालत आलते."

म्हणजे त्यांना माहीत होतं. वर्षभर माहीत होतं. एक शब्द बोलले असते, माझा दंड धरून या फरशीपाशी आणून उभं केलं असतं, तर मी पाया पडलो असतो. का नाही सांगितलं? मला राग आला त्यांचा, तिथं दुकानात उभ्या उभ्या, मेलेल्या माणसाचा राग आला. मी टायरवाल्याला म्हटलं, "मला का न्हाय बोलले?"

तो पान्यानं नट सोडवत होता. मान वर न करता म्हणाला, "मीबी त्येच म्हणलं, पोराला दाखवा की. तर म्हणले, लई हौशीनं घातल्यात त्यानं टायर, उतरवायला लावंल लगीच. झिजू दे. आन म्हणले, मी सांगितल्यालं पटलं न्हाय, आन रेघा दाखवल्यावर पटलं, तर त्यात माझं काय ऱ्हायलं?"

मापाचे टायर बसवून मी घरी आलो. गाडी दोन बोटं खाली आली होती. पायरीवर पाय न ठेवता सहज चढता येत होतं. मी त्या सीटवर बसलो आणि खूप वेळ रडलो. बायको दारापर्यंत येऊन परत गेली.

पुढच्या बुधवारी इंदापूरहून येताना फाट्याला आत वळलो. बाभळी, पाण्याची चारी, मग लिंबाचं झाड. गाडीचा आवाज ऐकून आत्यानं मान वर केली. मला नाही ओळखलं, पण गाडी ओळखली, कारण तोंडभर हसली. मी जवळ जाऊन बसलो.

"आत्या, मी आलोय. तुझा भाचा."

"बस," ती म्हणाली. मग माझ्या हाताकडं बघितलं. हातात किल्लीची रिंग होती. तिनं आपले दोन्ही हात माझ्यापुढं पसरले, पंजे खाली करून, अगदी लहान मुलगी पसरते तसे. नखं वाढून वाकडी झाली होती, एक-दोन मोडलेली. मला काही कळेना. इतक्यात सून रानातून भाकरी न्यायला आली. ती म्हणाली, "कुणाला हात लावू देत न्हाईत भाऊजी नखास्नी. ओरडत्यात. आधी कशी काय बारीक असायची कुणास ठावं. मला वाटायचं, सोताच दातानं काढत असत्याल."

मी रिंगेकडं बघितलं. ते नेलकटर दीड वर्ष माझ्या खिशात होतं.

"बुधवार हाय न्हवं आज?" आत्या म्हणाली. "काढ. मंगळवारी काढू नयेत, शनवारी काढू नयेत. बुधवार चांगला."

मी एकेक बोट धरून नखं काढायला लागलो. तिचा हात हलका होता आणि गरम होता. ती जराही ओरडली नाही. मध्येच मला राहवलं नाही. मी विचारलं, "आत्या, तात्या यायचे का गं तुझ्याकडं?"

"यायचा म्हंजी?" ती मला हसली. "येतोच की. कालच येऊन गेला. दर बुधवारी येतो त्यो, एक बुधवार चुकवीत न्हाय." मग तिनं मान तिरकी करून माझ्या तोंडाकडं पहिल्यांदाच नीट बघितलं, आणि मला खात्री आहे की त्या घटकेला ती मला पुरतं ओळखत होती.

"तूच येत न्हाईस," ती म्हणाली.

"व्हय आत्या," मी म्हटलं. "मीच येत न्हवतो." आणि तिचा दुसरा हात धरला.